खेळाडूची जनुके आणि वडीलधाऱ्यांची आठवण

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांच्या पिशवीत, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटांबरोबर, एक नवा कागद दिसू लागला आहे. तो त्यांचा स्वतःचा नसतो, नातवाचा किंवा नातीचा असतो. मुलाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, तो कुरियरने प्रयोगशाळेत पाठवायचा आणि काही आठवड्यांनी एक रंगीत अहवाल मिळवायचा, अशी ही चाचणी. मुलाचे स्नायू वेगाच्या कामाचे आहेत की दमाच्या, त्याला कोणता खेळ मानवेल, दुखापतीची शक्यता किती, असे सारे त्यात लिहिलेले असते. खर्च बहुधा आजोबांच्या निवृत्तिवेतनातून झालेला असतो, आणि म्हणून प्रश्नही तेच विचारतात : ‘‘डॉक्टर, याला क्रिकेटला घालायचे की पोहायला?’’

या प्रश्नाचे उत्तर पुढे येईलच. परंतु तो कागद हातात घेतला की आजोबांना एक उलट प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या घराण्यात कोणी तरुणपणी, ध्यानीमनी नसताना गेले होते का? खेळाच्या चाचणीशी या प्रश्नाचा काय संबंध, असा भाव समोरच्या चेहऱ्यावर उमटतो. तो संबंध उलगडून सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मात्र त्याआधी जनुके खेळाडूला खरोखर काय देतात, हे पाहिले पाहिजे. कारण ती काहीच देत नाहीत असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

फिनलंडच्या उत्तर भागात, लॅपलंड प्रांतात, पेल्लो नावाचे गाव आहे. तेथील एरो मॅन्टिरान्ता हा बर्फावरून लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या शर्यती करणारा खेळाडू. १९६० ते १९६८ या काळातील तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने सात पदके मिळवली, त्यांपैकी तीन सुवर्ण. १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे १५ किलोमीटरची शर्यत त्याने तब्बल चाळीस सेकंदांनी जिंकली. जिथे सेकंदाच्या अंशावर निकाल लागतात, तिथे चाळीस सेकंद म्हणजे मागच्या स्पर्धकाचा मागमूसही दिसू नये एवढे अंतर. त्याचे रक्त तपासले की डॉक्टर चक्रावून जात. निरोगी पुरुषाचे हिमोग्लोबिन साधारण १३ ते १७ ग्रॅम असते, याचे २० च्या वर असे. त्याने रक्तात काही गैरप्रकार केला असावा, ही कुजबुज त्याचा अनेक वर्षे पाठलाग करत राहिली.

खुलासा झाला तो त्याने खेळ सोडल्यावर पुष्कळ वर्षांनी. फिनलंडच्या संशोधकांनी त्याच्या विस्तारलेल्या गोतावळ्यातील सुमारे शंभर जणांचे रक्त तपासले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक निघते. ते अस्थिमज्जेला ‘लाल पेशी तयार करा’ असा निरोप देते. निरोप घेणाऱ्या पेशीवर एक ग्राहक असतो आणि त्या ग्राहकाला ‘आता पुरे’ म्हणणारी एक कळही असते. मॅन्टिरान्ताच्या घराण्यात या ग्राहकाच्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे ती थांबवणारी कळच तुटलेली होती. परिणामी लाल पेशी भरपूर, आणि स्नायूंना प्राणवायूचा पुरवठाही भरपूर. जे इतर खेळाडू पुढे चोरून इंजेक्शनाने मिळवू लागले, ते त्याला आईवडिलांकडून जन्मजात मिळाले होते.

वाचकहो, या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. हाच बदल त्या गोतावळ्यातील तीसेक जणांमध्ये आढळला. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यभर साधे कामधंदे केले. ऑलिंपिकच्या व्यासपीठावर पोहोचणारे अगदी विरळा निघाले. इतका प्रभावी, इतका दुर्मीळ बदल अंगी असूनही ही स्थिती. मॅन्टिरान्ता गरीब घरातला. बर्फाच्या प्रदेशात लहानपणापासून स्कीवरूनच शाळेत जाणारा, आणि खेळातून चांगली नोकरी मिळेल या आशेने झटणारा होता, हेही त्याच्या यशात धरावेच लागते.

आता आपल्या हातातील रंगीत अहवालाकडे वळू. त्यात ज्या जनुकाचा सर्वांत मोठा गाजावाजा असतो, त्याचे नाव एसीटीएन-३. त्वरित आकुंचन पावणाऱ्या, म्हणजे धावण्याचा, उडी मारण्याचा झटका देणाऱ्या स्नायुतंतूंमध्ये एक प्रथिन असते. ते बनवण्याची कृती या जनुकात लिहिलेली आहे. जगातील जवळजवळ १८ टक्के लोकांमध्ये हे प्रथिन तयारच होत नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे दिसले की, उच्च दर्जाच्या वेगवान धावपटूंमध्ये असे लोक फारच कमी, म्हणजे ६ टक्के आहेत. निरीक्षण महत्त्वाचे होते. लगोलग त्यावर दुकाने उभी राहिली आणि त्याला ‘वेगाचे जनुक’ असे नाव पडले.

त्यातील फोलपणा पाहण्यासाठी केनियाकडे पाहावे. तेथे हे प्रथिन नसलेली माणसे जेमतेम एक टक्का. म्हणजे जवळपास सगळा देश ‘वेगाच्या जनुकाचा’. आणि केनिया जगाला काय देतो? मॅरेथॉनचे धावपटू. जमैकातही प्रमाण जवळजवळ तेच, आणि तो देश शंभर मीटरवाले देतो. उलट स्पेनमधील एका लांब उडीच्या ऑलिंपिकपटूच्या स्नायूंत हे प्रथिन अजिबात नव्हते. अहवालावर विसंबून कोणी त्याला लहानपणीच उडीच्या खड्ड्यातून उठवून लांब पल्ल्याच्या शर्यतीला लावले असते तर?

याचे कारण समजायला अवघड नाही. उंचीसारखी, फूटपट्टीने मोजता येणारी साधी गोष्ट घ्या. २०२२ मध्ये पन्नास लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचीशी जोडलेल्या सुमारे बारा हजार जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा वाटा तिळाएवढा. खेळातील कौशल्यात तर उंची हा एक घटक. त्याखेरीज दम, नजर, हातापायांचा मेळ, झोप, आहार, दुखापत सोसण्याची वृत्ती, प्रशिक्षक, मैदान घरापासून किती दूर आहे, आई डबा किती वाजता करून देऊ शकते, हे सारे त्यात आले. २०१५ मध्ये या विषयातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या नियतकालिकात एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. मुलांमधील खेळाडू ओळखण्यासाठी किंवा सराव ठरवण्यासाठी घरपोच मिळणाऱ्या या चाचण्यांचा काहीही उपयोग नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. माझेही मत तेच आहे. ते पैसे बुटांवर खर्च करावेत.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाले. सियाचीनच्या हिमनदीवर त्यांनी नोकरी केली आणि सैन्याच्या क्रॉसकंट्री संघात ते आले ते २०१५ च्या सुमारास, वयाच्या विशीनंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले, तेव्हा सुवर्णविजेत्या केनियाच्या धावपटूत आणि त्यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाचे अंतर होते. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. मांडव्याच्या शाळेत त्यांना शोधायला कोणतीही लाळेची चाचणी गेली नव्हती.

येथे ज्येष्ठ वाचकांच्या मनात स्वतःबद्दलचा एक प्रश्न येईल. ‘‘डॉक्टर, आमच्या अंगातच नाही व्यायाम’’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्यात थोडे तथ्य आहे. कॅनडातील शास्त्रज्ञ क्लोद बुशार यांनी १९९० च्या दशकात शेकडो माणसांना, आईवडील व मुले अशा कुटुंबांनिशी, वीस आठवडे एकसारखा सायकलचा व्यायाम दिला. कोणाचा दम पुष्कळ वाढला, कोणाचा जेमतेम. एकाच कुटुंबातील माणसे बहुधा एकसारखा प्रतिसाद देत, आणि या फरकाचा साधारण अर्धा वाटा घराण्याकडे जातो असे त्यांना आढळले. पण पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, ज्यांचा दम आठवड्याच्या एक-दोन तासांच्या व्यायामाने वाढला नव्हता त्यांना तोच व्यायाम आणखी दोन तास अधिक दिला गेला, तेव्हा ‘प्रतिसाद नाही’ असा एकही जण उरला नाही. ती तरुण माणसे होती, हे खरे. म्हणून वृद्धांचे उदाहरण देते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीन पट झाले. दोघांनी चालताना काठी घेणे सोडून दिले. (आपण मात्र आपली काठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोपऱ्यात ठेवू नये.) नव्वदीत स्नायू ऐकतात, तर सत्तरीत जनुकांची सबब फार ताणू नये.

तर मग जनुकांचे बोलणे ऐकायचे कुठे?

अमेरिकेच्या महिला व्हॉलीबॉल संघात फ्लो हायमन नावाची खेळाडू होती. उंची सहा फूट पाच इंच, लांब हात, लांब बोटे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाला रौप्यपदक मिळाले. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये एका सामन्यात ती बदली खेळाडू आत गेल्यावर बाकावर येऊन बसली आणि तिथेच कोसळली. वय ३१. शवविच्छेदनात कारण मिळाले : हृदयातून निघणारी महारोहिणी फाटली होती. तिला मार्फान विकार होता. या विकारात शरीरातील जोडऊतींना घट्टपणा देणारे एक प्रथिन सदोष असते. हाडे लांब वाढतात आणि महारोहिणीची भिंत मात्र कमकुवत राहते. ज्या उंचीने तिला खेळ दिला, तिच्याच मुळाशी हा दोष होता. तिच्या मृत्यूनंतर भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला आणि वेळीच शस्त्रक्रिया करता आली. बहिणीच्या मृत्यूचे नेमके कारण कुटुंबाला कळले, म्हणून भावाला तपासावे हे सुचले.

हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने दिले. कारण जनुके जिथे ठामपणे बोलतात, ती जागा ही आहे. हृदयाचा स्नायू काही कारण नसताना जाड होत जाणारा एक आजार आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असे त्याचे लांबलचक नाव. साधारण पाचशे लोकांत एकाला तो असतो. हृदयाच्या विद्युतप्रवाहात बिघाड करणारे काही आजार आहेत, त्यांतील एकाला लाँग क्यूटी म्हणतात. यांतील बहुतेक एकाच जनुकातील दोषाने होतात आणि आईला किंवा वडिलांना तो दोष असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. असा माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो. कधीकधी त्याला स्वतःला काही कळण्याआधीच एखाद्या दिवशी मैदानावर, धावताना किंवा पोहताना, हृदयाचा ठोका बिघडतो.

आणि अशा घराण्यात पहिला इशारा बहुधा दोन पिढ्यांपूर्वी येऊन गेलेला असतो. तो कोणत्याही प्रयोगशाळेत नोंदलेला नसतो. तो आपल्याला ठाऊक असतो, आजी-आजोबांनो.

मात्र तो आपल्याला ‘हृदयविकार’ या नावाने ठाऊक नसतो. माझ्या अनुभवात तो निराळ्या वेशांत येतो. ‘थोरले काका पट्टीचे पोहणारे, पण विहिरीत उडी मारली ती वर आलेच नाहीत.’ पोहणे हा लाँग क्यूटीच्या एका प्रकारात ठोका बिघडवणारा ठरलेला प्रसंग आहे. तरबेज पोहणारा बुडाला, तर हृदयाचा संशय घ्यावाच लागतो. ‘आत्याला फिट येत असत, पण त्या पळताना किंवा घाबरल्यावरच.’ ठोका बिघडून मेंदूला रक्त न मिळाल्याने येणारी मूर्च्छा आणि अपस्मार यांत गल्लत होते. पूर्वी तर होतच असे. ‘मामा रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही, वय असेल अठ्ठावीस.’ ‘सरळ रस्त्यावर, समोर काही नसताना, गाडी झाडावर गेली.’ ‘नजर लागली’, ‘करणी झाली’, ‘बाहेरचे काही होते’ ही वाक्ये ज्या मृत्यूंना चिकटलेली आहेत, ते मृत्यू तर मी नेहमीच थांबून ऐकते.

अमेरिकी हृदयरोग संघटनेने शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंच्या तपासणीसाठी चौदा मुद्द्यांची यादी केली आहे. त्यांतील तीन मुद्दे निव्वळ घराण्याविषयीचे आहेत. नात्यातील कोणाचा पन्नाशीच्या आत हृदयामुळे अचानक मृत्यू झाला आहे का, जवळच्या नातलगाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराने अपंगत्व आले आहे का, आणि घराण्यात हृदयाचा एखादा आनुवंशिक आजार माहीत आहे का. यांची उत्तरे सोळा वर्षांच्या मुलाजवळ नसतात. त्याच्या आईवडिलांजवळही पुष्कळदा अर्धवट असतात. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना घराण्याची माहिती, शारीरिक तपासणी आणि ईसीजी कायद्याने आवश्यक केले आहे. तेथील व्हेनेटो प्रांतात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंमधील अचानक मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटले. सर्व देशांत असेच आकडे आलेले नाहीत आणि सर्वांचाच ईसीजी काढावा की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण घराण्याचा इतिहास विचारावा, याविषयी दुमत मला कुठे आढळले नाही.

कौटुंबिक माहिती दडवली जाते, हे मला ठाऊक आहे. त्यामागचे कारणही ठाऊक आहे. घरात मुलीचे स्थळ पाहणे चालू असते, आणि ‘यांच्याकडे माणसे लवकर जातात’ असा बोभाटा कोणालाच नको असतो. म्हणून काकांच्या मृत्यूचे कारण ‘कावीळ’ होते आणि पुढच्या पिढीला तेच खरे वाटते. वरपक्षाला काय सांगायचे हा आपला प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. परंतु नातू क्लबात पोहायला जाऊ लागला असेल, किंवा नात पोलीस भरतीच्या धावण्यासाठी पहाटे रस्त्यावर उतरली असेल, तर आपल्या डॉक्टरांपासून ती कावीळ लपवू नका. विम्याची भीतीही काही जण बोलून दाखवतात. हृत्स्नायूच्या याच आजाराच्या एका रुग्णाचा दावा विमा कंपनीने ‘आनुवंशिक आजार’ म्हणून नाकारला, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये निकाल रुग्णाच्या बाजूने लागला.

आता या आजारांसाठी जनुकचाचणी केव्हा करावी? जो आजारी आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी. घराण्यात कोणाला हा आजार असल्याचे इको तपासणीत किंवा ईसीजीत दिसले असेल, तर आधी त्या व्यक्तीच्या जनुकातील दोष शोधायचा. तो सापडला, तर भावंडे, मुले, नातवंडे यांच्यात नेमका तोच आहे का एवढेच पाहता येते. ज्याच्यात नाही, तो वर्षावर्षाच्या तपासण्यांतून सुटतो. ज्याच्यात आहे, त्याच्यावर हृदयरोगतज्ज्ञ लक्ष ठेवतात आणि कोणता खेळ किती खेळायचा हे ठरवतात. अशा प्रत्येकाने मैदान सोडावे असे आज कोणी सांगत नाही. पण पुष्कळ रुग्णांत दोष सापडतच नाही. तेव्हा आजारी माणसाला वगळून निरोगी नातवाची चाचणी केली आणि ती ‘स्वच्छ’ आली, तर त्या स्वच्छतेवर भरवसा ठेवता येत नाही. लहान मुलाचे रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावे; मोठ्या शासकीय आणि खासगी रुग्णालयांत ही सोय आता आहे. मुलाच्या नमुन्यातून निघणारी माहिती आपल्या सर्वांविषयीचीही असते, म्हणून घरात आधी बोलणे झालेले बरे.

एक बाब खास आपल्या उपखंडाची. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने दाखवून दिले की, हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून पंचवीस अक्षरे गळालेली असणे हा बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आहे. म्हणजे पंचविसात एक. मध्यम वयानंतर हृदयाचा स्नायू दुबळा होण्याशी त्याचा संबंध आहे. हे वाचून कृपया घाबरू नका. हा बदल असणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्रास होत नाही, आणि धोका सर्वांना सारखा नसून सोबत असलेल्या दुसऱ्या एका बदलावर बराचसा अवलंबून असावा, असे नंतरचे संशोधन सांगते. त्यासाठी उठून चाचणी करण्याची गरज नाही. पण आपले स्वतःचे ‘हृदय मोठे झाले आहे’ असे कधी निदान झाले असेल, पेसमेकर बसवला असेल, तर ते का झाले हे एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. बहुतेक वेळा उत्तर जुना रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांतील अडथळा असे येईल. तसे न आल्यास ती माहिती आपल्या मुलांच्या उपयोगाची आहे, आपली फाइल कपाटात ठेवून चालणार नाही.

विदर्भ, नंदुरबार आणि आदिवासी पट्ट्यातील वाचकांसाठी सिकलसेलविषयी दोन शब्द. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेला माणूस वाहक असतो. तो सहसा निरोगी असतो आणि त्याने खेळायला हरकत नाही. परंतु कडक उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जीव तोडून धावल्यास क्वचित स्नायू आणि मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या सरावात एक तरुण असा दगावला, आणि २०१० पासून तेथील वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ही चाचणी नियमात आली. आपल्याकडे २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेखाली ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. भरतीच्या सोळाशे मीटरसाठी मे महिन्यात धावणाऱ्या मुलाने ती आधी करून घ्यावी, सराव पहाटे करावा, हळूहळू वाढवावा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

पस्तिशीपुढच्या, अचानक मॅरेथॉनचे वेड घेतलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्या वयात धावताना होणाऱ्या मृत्यूंमागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे असतात. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकाराचा झटका आलेला असेल, तर मुलाने शर्यतीचे नाव नोंदवण्यापूर्वी रक्तातील चरबी, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आपला झटका कोणत्या वर्षी आला, हे मुलाला नीट सांगा; ‘तेव्हा तू लहान होतास’ एवढ्याने डॉक्टरांचे काम होत नाही.

मुलगा किंवा मुलगी धावताना, खेळताना चक्कर येऊन पडली, श्रम करताना छातीत दुखले, तर घराण्यात काही असो वा नसो, तपासणी होईपर्यंत खेळ बंद ठेवावा. प्रार्थनेच्या रांगेत उभे राहून आलेली चक्कर आणि पळताना आलेली चक्कर यांत फार फरक आहे.

घराण्याची माहिती लिहायची कशी, हे सांगून थांबते. एक मोठा कागद आडवा घ्यावा. सर्वांत वर आपले आईवडील व त्यांची भावंडे, मध्ये आपण व आपली भावंडे, खाली मुले, त्याखाली नातवंडे. पतीच्या आणि पत्नीच्या अशा दोन्ही बाजू घ्याव्यात. माहेरच्या बाजूची माणसे आपल्याकडे हमखास गळतात. प्रत्येक नावापुढे हयात असल्यास वय आणि आजार, नसल्यास मृत्यूचे वय आणि तो कसा झाला ते, लोक जसे सांगत तसेच, लिहावे. कारण ठरवण्याच्या भानगडीत पडू नये, ‘विहिरीत बुडाला, पोहता येत होते’ एवढे पुरे.

काळजीवाहकांनो, वृद्ध आईवडिलांची स्मृती मंदावली असेल तर हे काम लवकर हाती घ्या. सकाळी, चहानंतर, मन ताजे असताना बसावे आणि एका वेळी दोन-तीन नावांपलीकडे जाऊ नये. जुन्या लग्नाचा अल्बम मांडीवर ठेवला की माणसे आपोआप आठवू लागतात. वय विचारल्यास उत्तर येत नाही. ‘पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा होते का’, ‘बहात्तरच्या दुष्काळात काका हयात होते का’ असे विचारले की वर्ष बरोबर सापडते, आणि लग्नाला किती वर्षे झाली होती ते विचारले की वयही. गावाकडे एखादी चुलत आजी असेल तर तिला फोन लावावा. तयार झालेला कागद पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांकडे आणावा, आणि जुने ईसीजी, इकोचे अहवाल घरात कुठे असतील तर तेही पिशवीत टाकावेत.